दार धरणाऱ्या मुली

मुलुंड (पूर्व)
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय मालन,

फोन केला की तू "हॅलो, कोण?" करत राहतेस आणि मी घसा फोडत राहते. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना आता तुझ्या गुडघ्यांची सगळी माहिती झाली आहे, तुला मात्र माझ्याबद्दल काडीचं कळलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तू नुसता अंगठा पाठवतेस. जिल्हा परिषदेची मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली बाई, आणि उत्तर काय, तर अंगठा! म्हणून हे कागदावरचं पत्र.

कारणही तसंच आहे. आपली खारवलीची शाळा पाडायला निघालेत. आपलं ग्रामशिक्षण मंडळच पाडतंय, दुसरं कुणी नाही. गावकऱ्यांनी मिठागरातलं काम सांभाळून, घरटी एकेक माणूस देऊन १९०९ साली बांधलेली इमारत! काळा दगड, सागवानी खांब, मंगलोरी कौलं. मुलुंडमध्ये आता असं दुसरं काही उरलेलं नाही. मी नवव्या मजल्यावर राहते ना, सकाळी चहा घेताना खाली बघितलं की टॉवरांच्या मधे तेवढी एकच लाल चौकट दिसते. आमचे नाना तिथे एकवीस वर्षं हेडमास्तर होते. ती चौकट गेली तर मी सकाळी बघायचं काय?

आम्ही 'खारवली शाळा बचाव समिती' काढली आहे. आमच्या सोसायटीतला श्यामकांत तिचा अध्यक्ष. रिटायर्ड आर्किटेक्ट आहे, बोलतो फार, पण कागदपत्रांत पक्का. सरकारच्या वारसा समितीकडे अर्ज केला आहे. पहिली सही माझी.

तुझ्याकडून एक हवंय. जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा करतोय. तू दोन पानं लिहून पाठव. नानांबद्दल लिही, शाळेबद्दल लिही. आणि हवं तर, मधल्या सुट्टीत तू आणि कमल दोघीच कुठे गायब व्हायचात तेही लिहून टाक. मी कितीदा विचारलं, तुम्ही नुसत्या हसायचात. मला तेव्हा फार राग यायचा. अजूनही थोडा येतो.

लवकर लिही. अंगठा पाठवलास तर वाशीमला येऊन भांडेन.

तुझी
शुभा


वाशीम
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय शुभे,

जय भीम. पत्र आलं. पोस्टमननं ते हातात देताना "मॅडम, कोर्टाचं आहे का?" असं विचारलं. हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट म्हणजे आता कोर्टाचं किंवा कुणीतरी गेल्याचं. मी म्हटलं, मैत्रिणीचं आहे. त्याला पटलं नाही.

शाळा पाडणार हे वाचून वाईट वाटलं. तिथं पुढं काय येणार ते तू लिहिलं नाहीस, पण मुंबईत पाडतात म्हणजे बिल्डर आलाच. मंडळाला पैशाची भूल पडली असणार. गावाची शाळा विकून खाल्ली तर उद्या स्मशानही विकतील. मी आहे तुझ्या बाजूनं.

पण एक विचारते, राग मानू नकोस. तुझं घर शाळेच्या समोरच होतं. ओटीवर झोपाळा, मागं विहीर. तेही जुनंच होतं की. ते पाडून चौदा मजले बांधले तेव्हा बचाव समिती नव्हती का गं?

असो. आठवण लिहिते. यातलं हवं ते घे.

सातवीनंतर आमचे अण्णा मला घरी बसवणार होते. खारवलीत आठवी नव्हती आणि हायस्कूल लांब. ते ऐकून नाना आमच्या घरी आले. रविवार होता. अण्णांना आठवड्यातून तेवढीच सुट्टी असायची. नाना शाळेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मिठाचा भाव, खाडीचं पाणी, भांडुपच्या कारखान्यातली भानगड, असलं काहीबाही बोलून संध्याकाळी उठले. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. शेवटी अण्णाच म्हणाले, "मास्तर, पोरगी कुठल्या शाळेत घालायची तेवढं सांगा आणि रविवारचं झोपू द्या." मी शिकले, मास्तरीण झाले, हेडबाई झाले. मला नानांनी घडवलं.

माझा भाचा प्रबुद्ध अजून खारवलीतच राहतो, माहीत असेल तुला. त्याची मुलगी सपना आपल्याच शाळेत सहावीत आहे. समितीला काही मदत लागली तर त्याला सांग.

कमलचं नंतर कधीतरी.

तुझी
मालन


मुलुंड (पूर्व)
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय मालन,

तुझ्या पत्रानं कमाल केली! परवाच्या सभेत मी ते वाचून दाखवलं. "रविवारचं झोपू द्या" म्हटल्यावर आधी सगळे हसले, आणि मग बायका डोळे पुसायला लागल्या. मीही त्यांतलीच. नाना असे रविवारी बाहेर जायचे तेव्हा आई करवादायची, "गावाची पोरं सांभाळा, घरची आहेत वाऱ्यावर." कुठे जातात ते मला आत्ता कळलं.

श्यामकांतनं त्यातलं एक वाक्य घेऊन मोठा बॅनर केला आहे. तुझा फोटो माझ्याकडे होता, आपण शिर्डीला गेलो होतो तेव्हाचा. शाळेच्या फाटकावरच लावलाय. झकास दिसतेस. दोन हजारांवर सह्या झाल्या. एका वर्तमानपत्रात चौकट आली.

आणि मुख्य बातमी. वारसा समितीनं स्थगिती दिली! सुनावणी बावीस जानेवारीला. तोपर्यंत मंडळाला आवारातली एक वीटसुद्धा हलवता येणार नाही. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

पुढे तिथे काय होणार म्हणून विचारलंस. कागदावर अजून सगळं पक्कं नाही, मंडळाचं आपलं काही ना काही चाललेलं असतं. बिल्डर काय आणि मंडळ काय, जेसीबी शेवटी एकच. आणि आमच्या घराचं म्हणशील तर ते नानांनंतर चार भावांत होतं, माझं एकटीचं नव्हतं. दुखऱ्या जागी बोट ठेवायची तुझी सवय जात नाही.

सुनावणीला तू आलीस तर फार बरं होईल. शाळेची पहिली बौद्ध विद्यार्थिनी समोर उभी राहिली की कुणाची नाही म्हणायची छाती होणार नाही, असं श्यामकांत म्हणतो. येशील? माझ्याकडेच उतर. नवव्या मजल्यावरून आपली शाळा दाखवते.

तुझी
शुभा


वाशीम
९ डिसेंबर २०२४

प्रिय शुभे,

गेल्या आठवड्यात आमच्याकडं लग्न होतं. प्रबुद्धची बायको चेतना सपनाला घेऊन आली होती, चार दिवस राहिली. तिनं मोबाइलवर तुझा बॅनर दाखवला. "या भिंतींनी मला घडवलं." वर माझा फोटो. हे वाक्य माझं नाही. मी 'नानांनी' लिहिलं होतं. भिंतींनी मला काही शिकवलं नाही, त्या पावसाळ्यात गळायच्या.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही.

सपना इथं आली ती अंगात कणकण घेऊनच. लघवीला जळजळ, पोटात दुखणं. डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, मुलगी पाणी पीत नाही. मी चेतनाकडं बघितलं, चेतना सपनाकडं, सपना जमिनीकडं. मी छत्तीस वर्षं शाळांत काढली आहेत, मला पुढचं विचारावं लागलं नाही.

शाळेत मुलींसाठी दोन संडास, त्यांतला एक बाईंचा म्हणून कुलपात. दुसऱ्याच्या दाराला कडी नाही, आत पाणी नाही. हे चेतनानं सांगितलं. मग तिनं बाकीचंही सांगितलं. मंडळ शाळा विकत नाही. एका कंपनीनं पैसे दिले आहेत आणि तिथं तीन मजली नवी शाळाच बांधायची आहे, दहावीपर्यंत. दर मजल्यावर मुलींचे वेगळे संडास. नकाशा शाळेच्या फळ्याशेजारी उन्हाळ्यापासून चिकटवलेला आहे. पालकसभेनं टाळ्या वाजवून मान्य केला. पालकांच्या वतीनं सही करणारा आमचा प्रबुद्ध.

आणि तुमच्या स्थगितीमुळं नवी इमारत तर अडलीच, पण जुन्या संडासाला नवं दार आणि कडी बसवायचं काम काढलं होतं तेही थांबलं. एक वीटसुद्धा हलवायची नाही ना.

शुभे, तुला हे माहीत होतं. नकाशा तिथं लावलेला आहे आणि तू समितीची पहिली सही आहेस. तू मला 'पाडणार' एवढंच लिहिलंस आणि 'बांधणार' गाळलंस. मी बिल्डर समजले तरी तू मला तसंच समजू दिलंस. वर माझा फोटो फाटकावर लावलास, माझ्या भाच्याच्या विरुद्ध. सपनाला वर्गातल्या मुली विचारतात, "तुझ्या आजीला आमची नवी शाळा का नको?" ती काय सांगणार?

मला तुझा खूप राग आला आहे. इतका राग मला तुझा पूर्वी कधी आला नव्हता.

बॅनर काढ. आणि एक कर. एक दिवस त्या शाळेत जाऊन बस. भरल्यापासून सुटेपर्यंत. मधे घरी जायचं नाही. त्यानंतर तुला काय वाटेल ते मला कळव.

मालन


मुलुंड (पूर्व)
१६ डिसेंबर २०२४

मालन,

बॅनर काढला आहे. श्यामकांत नाराज झाला, पण मी स्वतः उभी राहून काढायला लावला.

बाकीचं मला मान्य नाही. मी तुझ्यापासून लपवलं, असं तू म्हणतेस. तू विचारलंस आणि मी सविस्तर लिहिलं नाही, एवढंच. नवी शाळा नको असं आमचं कुणाचंच म्हणणं नाही. मागच्या मैदानावर बांधा म्हणून श्यामकांतनं मंडळाला नकाशासुद्धा काढून दिला. मग मुलं खेळणार कुठे, म्हणाले. आधी पाडायचं आणि मग विचार करायचा, ही या लोकांची रीत आहे. संडास काय, महिन्याभरात होतात. सागवानी खांब पुन्हा होत नाहीत.

तू पन्नास वर्षांपूर्वी लग्न करून इथून गेलीस. मी रोज ती कौलं बघते. गावातलं देऊळ नवं झालं, तलाव बुजला, आमचं घर गेलं. नानांचं म्हणून दाखवायला माझ्याकडे ही एकच जागा उरली आहे. तुझ्याकडे निदान त्यांनी घडवलेली तू आहेस.

शाळेत जाऊन बसायची मला गरज नाही. त्या शाळेत मी सात वर्षं बसले आहे, तुझ्याच बाकावर.

शुभा


वाशीम
२७ डिसेंबर २०२४

प्रिय शुभे,

अक्षर रागातही नानांसारखंच आहे तुझं. वाचून राग निम्मा झाला, हे तुझ्या फायद्याचं म्हणून सांगून ठेवते.

तू सात वर्षं माझ्याच बाकावर बसलीस, खरं आहे. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की तू रस्ता ओलांडून घरी जायचीस. आई तुला दूधपोळी द्यायची. तू तोंड धुऊन, वेणी नीट करून परत यायचीस. मी ती शाळा पूर्ण दिवस बघितली आहे, तू अर्धा अर्धा दिवस दोनदा. म्हणून तुला ती सुंदर आठवते. खोटं नाही ते. ती दिसायला सुंदरच होती.

कमलचं विचारलं होतंस. आता सांगते.

शाळेमागं पत्र्याचं खोपटं होतं, आठवतं का? तुला आठवणार नाही. त्याच्या दाराला कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं आणि कुणी मुलगा आला तर खोकायचं. प्रत्येक मुलीची एक ठरलेली जोडीदारीण असायची. माझं दार कमल धरायची, कमलचं मी. कमल आजारी पडली की त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याला शिवायची नाही. तू विचारायचीस, "तुम्ही दोघीच कुठे जाता? मला का नेत नाही?" आम्ही हसायचो, कारण सांगायची लाज वाटायची. तुझ्यापासून आम्ही मैत्री लपवत नव्हतो गं. आम्ही मैत्रिणी होतो म्हणून एकत्र जात नव्हतो, जावं लागायचं म्हणून मैत्री झाली. तुला कुणी दार धरायला लागायचंच नाही, तर तुला कशाला नेणार?

नाना देवमाणूस. पण एकवीस वर्षांत त्यांच्याही हे लक्षात आलं नाही. त्यांना सांगणार कोण? मी हेडबाई झाले तेव्हा ज्या ज्या गावी बदली झाली तिथं पहिलं काम दार आणि कडीचं केलं. लोक हसायचे. इंगळेबाई आल्या, आता सुतार बोलवा, असं म्हणायचे.

मला वाटलं होतं, साठ वर्षांत तिथं निदान कडी लागली असेल. सपनाला विचारलं, तर म्हणाली, "आजी, माझी जोडीदारीण इथं नाही ना, म्हणून लग्नाच्या मांडवात पण मी संडासला गेले नाही." तिला वाटतं, ही सगळीकडचीच पद्धत आहे.

वारसा समितीला मी पत्र लिहिलं आहे. माझी आठवण शाळा वाचवण्यासाठी वापरू नये, मला नवी इमारत हवी आहे, असं त्यात आहे. त्याची प्रत सोबत जोडते. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठी.

तुझी
मालन


मुलुंड (पूर्व)
१० जानेवारी २०२५

प्रिय मालन,

तुझं पत्र आल्यावर आठवडाभर मी ते कपाटात ठेवून दिलं. मग काल शाळेत गेले. तू सांगितलंस म्हणून नाही, मला तुला खोटं पाडायचं होतं.

सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. बाईंनी ओळख करून दिली, "या कर्णिक मास्तरांच्या कन्या." मुलांनी नमस्ते म्हटलं. कर्णिक मास्तर कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. सपना पहिल्या बाकावर होती. तिनं वळून एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. बॅनर कुणी लावला होता ते तिला ठाऊक असणार.

वर्ग छान वाटला. वर तुळया, खिडकीतून ऊन. बाई 'नद्या' शिकवत होत्या. मला नानांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं आणि मी अगदी ठरवून टाकलं की तू काहीही म्हण, हे पडू द्यायचं नाही.

बीपीची गोळी घ्यायची होती म्हणून पर्समधून बाटली काढली. माझ्या शेजारी रुक्मिणी नावाची मुलगी बसली होती. दोन वेण्या, पुढचे दात मोठे. तिनं माझा हात धरला. हळूच म्हणाली, "आजी, एकच घोट घ्या. जास्त पिऊ नका, मग जायला लागतं."

मी विचारलं, "तू किती पितेस?"

"मी घरी गेल्यावर पिते," ती म्हणाली. सहज बोलली. गृहपाठ कधी करतेस असं विचारल्यावर सांगतात ना, तसं.

मी गोळी एका घोटात घेतली. तरी बहात्तराव्या वर्षी व्हायचं ते झालंच. चौथ्या तासाला मला राहवेना. आमची बिल्डिंग समोरच आहे, लिफ्टनं पाच मिनिटांत जाऊन आले असते. पण तू घरी जायचं नाही म्हणाली होतीस. उठले. बाईंनी कुलपाची किल्ली पुढे केली, मी नको म्हटलं. मागे गेले तर पावलं ऐकू आली. रुक्मिणी मागोमाग येत होती. कुणी पाठवलं नव्हतं तिला. मी आत गेले, तिनं दार ओढून घेतलं. खालच्या फटीतून मला तिच्या चपला दिसत होत्या. मधेच ती खोकली. मुलं मैदानावर पळत होती.

आतलं वर्णन करत नाही. तुला माहीत आहे.

बाहेर आल्यावर तिला थँक्यू म्हटलं, तर तिला कळेचना कशाबद्दल. म्हणाली, "तुमची जोडी नाही ना इथे."

मालन, मला लाज वाटली. साठ वर्षं मी मनात धरून होते की तुम्ही दोघींनी मला बाहेर ठेवलं.

सुनावणी बावीसला आहे. श्यामकांतनं माझं भाषण लिहून दिलंय. माझी रात्रीची झोप गेली आहे. नानांची जागा एकीकडे आणि ही मुलगी दुसरीकडे. मी काय करू, सांग.

तुझी
शुभा


वाशीम
१७ जानेवारी २०२५

प्रिय शुभे,

मी सांगणार नाही. सांगितलं तर तू माझं ऐकून केलंस असं होईल, आणि पुढची दहा वर्षं, जगलोच तर, त्यावरून मला टोमणे मारशील. जायचं तुला आहे.

तू किल्ली घेतली नाहीस, ते मात्र मी दोनदा वाचलं. इतकंच सांगते.

औषधं वेळेवर घे.

तुझी
मालन


मुलुंड (पूर्व)
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मालन,

प्रबुद्धनं तुला कळवलं असेलच. तो तिथे होता. पण तुझ्या बहिऱ्या कानांवर काय पोचलं असेल याची खात्री नाही, म्हणून मीच लिहिते.

श्यामकांत अर्धा तास बोलला. सुंदर बोलला. पडद्यावर खांबांचे फोटो दाखवले, कौलांवरचे शिक्के दाखवले. समितीच्या अध्यक्ष बाई मान डोलवत होत्या. मला वाटलं, जिंकलो. खरं सांगते, तेव्हाही मला आनंदच झाला. मग माझं नाव पुकारलं.

भाषणाचा कागद हातात होता. मी तो वाचला नाही. मी शाळेत गेले होते, तिथे काय झालं, ते सांगितलं. संडास हा शब्द त्या सभागृहात मी चारपाच वेळा उच्चारला. पुढच्या रांगेतला एक माणूस मोबाइल बघायला लागला. दाराबद्दल, जोडीबद्दल, एका घोटाबद्दल, सगळं सांगितलं. रुक्मिणीचं नाव घेतलं नाही.

अध्यक्ष बाई म्हणाल्या, "पण अर्जावर पहिली सही तुमचीच आहे. वडिलांची शाळा म्हणून तुम्हीच लिहिलंय."

"हो," मी म्हटलं. "वडिलांचीच आहे. ती पडू नये असं मला आजही वाटतं."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"पाडा," मी म्हटलं.

श्यामकांतनं मान खाली घातली. प्रबुद्ध मागे उभा होता. तो बाहेर मला भेटला आणि काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला, "आत्या, रिक्षा आणू का?" मी त्याची आत्या कधीपासून झाले? पण बरं वाटलं.

निकाल पाच दिवसांनी आला. स्थगिती उठवली. दोन खांब आणि दारावरचा दगड नव्या इमारतीत बसवायचा, एवढी अट घातली आहे. संडासाला नवं दार दुसऱ्याच दिवशी लागलं. मी जाऊन बघून आले. कडी आतून आहे, जरा घट्ट आहे, पण लागते.

सोसायटीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. श्यामकांत लिफ्टमध्ये मी दिसले की जिन्यानं जातो, आणि तो सहाव्या मजल्यावर राहतो. त्याच्या गुडघ्यांसाठी तरी हा अबोला लवकर मिटायला हवा. त्याचं दुःख खोटं नाही, मला कळतं. माझंही खोटं नव्हतं. निकालाच्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि आई गेली तेव्हा रडले नसेन इतकी रडले. सुनेला वाटलं, आपण हरलो. तिला मी काही समजावलं नाही.

परीक्षा झाल्या की पाडणार आहेत. तीन मेपासून काम सुरू होईल. ही वरची माझी खिडकी, हा चहा, आणि खाली माणसं कौलं उतरवताना दिसणार. पडदा लावून बसता येईल, पण नानांसाठी तेवढं तरी बघायला हवं, असं वाटतं.

मालन, तू ये. दोन मेला पोच. माझ्या शेजारी फक्त उभी राहा, बोललं नाहीस तरी चालेल. मला ते एकटीला जमणार नाही.

तुझी
शुभा